लॅपटॉप 'संपला' असे कोण ठरवणार?

बहिणीचा फोन आला. "दादा, पोराला नवा लॅपटॉप घ्यावा लागेल म्हणतात. बचत गटातून कर्ज काढू का?" भाचा इंजिनिअरिंगला आहे. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसाठी चांगले ग्राफिक्स कार्ड हवे, नव्याची ऐपत नाही, म्हणून त्याला वापरलेला गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला होता. २०१८ सालचा. आता तो अडकत होता. दुकानदाराने झाकणही न उघडता निकाल दिला, "हा संपला. नवा घ्या."

पुरावा न तपासता दिलेला निकाल वकिलाने का मान्य करावा? रविवारी आम्ही मामा-भाचे बसलो. ड्रॉइंग सुरू ठेवून टास्क मॅनेजर उघडला आणि 'परफॉर्मन्स'मधील 'मेमरी' हा भाग पाहिला. रॅम ८ जीबी, त्यातली ९० टक्क्यांहून अधिक भरलेली, आणि दोन स्लॉटपैकी एक चक्क रिकामा! प्रोसेसर मात्र निवांत होता. म्हणजे दुखणे कुठे होते?

रॅम म्हणजे काम करण्याचे टेबल, डिस्क म्हणजे कपाट. टेबल भरले की प्रत्येक कागदासाठी कपाटाकडे पळावे लागते. लॅपटॉप अडकतो तो याच धावपळीमुळे.

रॅम घेताना मात्र डोळे उघडे ठेवले पाहिजेत. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकाच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपपेक्षा आखूड असते. आमच्या लॅपटॉपला २६० पिनांची डीडीआर-४, २६६६ वेगाची पट्टी हवी होती. जुनीच्या जोडीला तशीच ८ जीबीची दुसरी बसवली, तर दोन्ही पट्ट्या एकाच वेळी काम करतात. त्याचा फायदा ड्रॉइंगला होतो तसा गेमलाही होतो.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना माल पुरवण्याकडे उत्पादक वळले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला 'क्रुशिअल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. तरीही एका पट्टीची किंमत नव्या लॅपटॉपच्या जवळपासही जात नाही.

भाच्याने लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, खालचे झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवली. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून धातूला हात लावला. पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली, तशा दोन्ही बाजूच्या क्लिपा बसल्या. अर्ध्या तासात १६ जीबी!

रॅम हा सर्व रोगांवरचा उपाय नव्हे. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डच अपुरे असेल, तर रॅम वाढवून उपयोग नाही. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असते, तिथे वाढवायला जागाच नसते. म्हणून जुना लॅपटॉप घेतानाच स्लॉट किती, हे विचारले पाहिजे.

आणि बिल घ्या! ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल किंवा सेवेतील त्रुटी याबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. वस्तू दुरुस्त करून वापरण्याच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झाले. पण बिलच नसेल, तर आयोगापुढे काय ठेवणार?

बहिणीचे कर्ज टळले. पण अशी किती घरे दुकानदाराच्या एका शब्दावर हप्त्यांत अडकत असतील? ज्या तरुणांना हे काम येते, त्यांनी महिन्यातला एक रविवार पेचकस घेऊन वस्तीतल्या अभ्यासिकेत बसावे. कोणाच्याही आईने कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी त्या लॅपटॉपचे झाकण एकदा तरी उघडले गेले पाहिजे.