बटणांवरचा बेंजो

पाथर्डी तालुक्यातली कितीतरी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कारखान्यांचे पट्टे पडले की पाडव्याच्या आगेमागे गावी परततात. त्यामुळे इकडची लग्नसराई चैत्र-वैशाखात दाटते. तिसगाव हे कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरचं गाव. त्या दिवसांत इथे एखादा परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला, की एसटी आणि ट्रक मुकाट मागे रांग लावतात. पुढे टेम्पो, टेम्पोवर स्पीकरची भिंत, ऑक्टोपॅड, ताशा, ढोल. या सगळ्यांच्या वर धारदार, काहीसा धातूचा आवाज गाण्याची चाल ओढत नेत असतो. तो बेंजोचा. पोरं नाचतात ठेक्यावर. पण कोणत्या गाण्यावर नाचायचं, हे बेंजोमास्तर ठरवतो.

एवढं असून हे वाद्य कुणी नीट पाहिलेलं नसतं. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणांची रांग. डावा हात बटणांवर, उजव्या हातात तार छेडायची प्लास्टिकची चपटी पट्टी. बटण दाबलं की त्याला जोडलेली पत्र्याची जीभ तारेवर टेकते आणि तार तिथून पुढे जेवढी उरते तेवढीच वाजते. सतारीवर जे काम बोट आणि पडदा मिळून करतात, ते इथे एकटं बटण करतं. शेजारी एक-दोन तारा षड्ज-पंचमात मिळवून नुसत्या झंकारत ठेवायचीही पद्धत आहे.

या जागांचं गणित कडक असतं. तार साठ सेंटिमीटरची धरली, तर वरचा षड्ज बरोबर निम्म्यावर, तीस सेंटिमीटरला येतो. खालच्या सप्तकातला पहिला अर्धस्वर मोकळ्या तारेच्या टोकापासून सुमारे ३.४ सेंटिमीटरवर बसतो, पण वरच्या सप्तकात तेच अंतर १.७ सेंटिमीटर होतं. म्हणजे वर जावं तशा जागा जवळजवळ येतात. कारागिराची पत्र्याची जीभ एखाद्या मिलिमीटरनं सरकली, तर तो स्वर कायमचा बेसूर. वादकाला तो सावरून घ्यायची फारशी सोय नाही.

हे यंत्र मूळचं जपानचं. १९१२ साली, जपानमध्ये ताइशो युग सुरू झालं त्याच वर्षी, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ते बनवलं. नाव पडलं ताइशोगोतो. कोतो हे जपानी तंतुवाद्य शिकायला वर्षं लागतात. घरातल्या कुणालाही चार दिवसांत चाल वाजवता यावी, हा या बटणांमागचा हेतू. व्यापारी जहाजांबरोबर ते दूरदूर पसरलं आणि प्रत्येक किनाऱ्यावर वेगळ्या घरात रुजलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते तारब संगीतात शिरलं. बलुचिस्तानात त्याचा आकार वाढला, ते बेंजू झालं आणि तिथल्या लोकसंगीतातलं मानाचं वाद्य बनलं. आपल्याकडे आधी ते बुलबुलतरंग म्हणून आलं. हौशी घरांत, खेळण्यांच्या दुकानांत, खुंटीवर टांगलेलं.

महाराष्ट्रात त्याचं नशीब पालटलं ते विजेमुळे. मूळ वाद्याचा आवाज एका खोलीपुरता. तारांखाली पिकअप बसला, वायर ॲम्प्लिफायरला गेली आणि खोलीतलं वाद्य रस्त्यावर आलं. मुंबईच्या चाळी-वस्त्यांत बेंजो पार्ट्या उभ्या राहिल्या. गणपतीचं आगमन, हळद, गोविंदा, देवीची मिरवणूक ही त्यांची कामं. गावोगावच्या ब्रास बँडवाल्यांनीही आपल्या पाटीवर ‘बेंजो पार्टी’ हे शब्द चढवले. २०१६ साली रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, तो मुंबईतल्या अशाच वादकांवर.

जगात ज्याला बँजो म्हणतात, ते वाद्य निराळं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत भोपळ्यावर कातडं ताणून ते घडवलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बँजोंचे वाद्यवृंद निघाले, तेव्हा लहानमोठ्या मापांची भावंडं तयार झाली. त्यांतलं एक थोरलं भावंड चेलो बँजो: मोठं गोल तोंड, जाड तारा आणि नेहमीच्या बँजोपेक्षा सप्तकभर खाली उतरलेला घुमारदार आवाज. चार तारांचा चेलो बँजो तर चेलोच्याच स्वरांत मिळवतात. आपल्या बेंजोला असा खर्जातला थोरला भाऊ मिळाला नाही. खर्ज ढोलानं आणि कीबोर्डनं सांभाळायचा, अशी आपली वाटणी.

पण रचनेनं इतकी वेगळी असलेली ही दोन वाद्यं एका दुखण्यानं सख्खी आहेत. दोन्हींचा सूर टिकत नाही. कातड्याचा बँजो तारेची ताकद झटकन हवेत उधळतो: आवाज मोठा, आयुष्य छोटं. आपल्या बेंजोत तारेला टेकलेली पत्र्याची जीभच कंपनं खाते, आणि बटण सुटलं की सूर संपतो. सारंगी किंवा बासरी एका स्वरावर श्वासभर थांबू शकते. बेंजोला थांबणं परवडत नाही. अमेरिकेत १९४५च्या सुमारास बँजोवादक अर्ल स्क्रग्जनं तीन बोटांची अखंड फिरती वादनशैली लोकप्रिय केली. सूर विझण्याआधी पुढचा येतो आणि रिकामी जागा उरतच नाही. आपल्या बेंजोमास्तरानं हेच उत्तर वेगळ्या वाटेनं शोधलं. लांब स्वर आला की उजवा हात इतका वेगानं थरथरतो, की सुट्टे ठोके मिळून एक सलग धार होते.

हे खरं कळतं ते बेंजो एकटा वाजतो तेव्हा. परण्या मारुतीच्या देवळापाशी पोचतो, नवरदेव दर्शनाला आत जातो आणि ढोल-ताशेवाले घाम पुसायला थांबतात. मास्तर कसलेला असेल, तर या फटीत तो एखादा अभंग धरतो. मघापर्यंत ठेक्याच्या आड लपलेलं सगळं उघडं पडतं: बटणांची खटखट, पट्टीचा तारेवरचा खरखरता स्पर्श, बोटाची घाई. मग लक्ष जातं ते त्याच्या युक्त्यांकडे. मींड या वाद्यात नाही, कारण दोन बटणांच्या मधे सूरच नाही. तो ती भासवतो. पुढचं बटण दाबताना मागचं क्षणभर सोडत नाही, किंवा मधले स्वर इतके चुटकीसरशी घेतो की कान त्यांची रेघ ओढतो. बटण जरा जास्त दाबलं की तार ताणली जाऊन सूर केसभर चढतो; तेवढ्यावर तो आंदोलनाचा आभास देतो. गायकाचा ठहराव मात्र त्याला उजव्या हाताच्या कंपातूनच विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत मनगट मोजतं.

बटणाच्या वाद्यात श्रुती कुठून येणार, हा आक्षेप हार्मोनियमनंही ऐकला आहे. १९४० मध्ये आकाशवाणीनं तिला दाराबाहेर ठेवलं आणि ते दार किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. पुढे तिच्या एकलवादनाच्या मैफली झाल्या. बेंजोला असं कुणी बंदीनंही गौरवलं नाही. तो शिकायचा म्हणजे पार्टीत सामील व्हायचं, आधी वायरी उचलायच्या, मग झांज नाहीतर ताशा, आणि मास्तर जेवायला गेला की त्याच्या बटणांवर बोटं फिरवायची. नोटेशन नाही, मोबाइलवर गाणं चारदा ऐकायचं आणि रात्री वाजवायचं.

आता बेंजोपुढे दोन अडचणी आहेत. एक डीजे: त्याला वादक लागत नाहीत आणि गाणं जसंच्या तसं वाजतं. दुसरी आवाजाची मर्यादा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल ठेवली. भिंतीएवढ्या स्पीकरांच्या शर्यतीत बेंजो कधीच जिंकणार नाही, आणि नियम पाळायचे तर ती शर्यतच बाद आहे. पण मूळचं हे खोलीतलं वाद्य. कमी आवाजात ते बिघडत नाही, उलट खुलतं.

२०२४च्या फेब्रुवारीत बेला फ्लेकचा बँजो, झाकीर हुसेन यांचा तबला, एडगर मायरचा डबल बास आणि राकेश चौरसियांची बासरी यांच्या ‘ॲज वुई स्पीक’ या अल्बमला एक आणि त्यातल्याच एका रचनेला एक, असे दोन ग्रॅमी मिळाले. तिथे बासरी लांब सूर धरते आणि बँजो त्याभोवती बारीक विणकाम करतो. ज्याला टिकता येत नाही त्यानं टिकण्याचं सोंग न आणता आपलं काम शोधलं, म्हणून ती जोडी जमते. आपल्या बेंजोमास्तरांकडे ही समज वर्षानुवर्षांच्या मिरवणुकांतून आलेली आहे. ती ऐकण्याची सोय तेवढी आपण केलेली नाही. गणपतीच्या दहा दिवसांत मिरवणुकीचे दिवस दोन. उरलेल्यांपैकी एका संध्याकाळी मंडळानं आपल्याच पार्टीच्या मास्तराला मंडपात सतरंजीवर बसवावं, एक लहान स्पीकर आणि साथीला एक तबलजी द्यावा. सुपारी तर त्याला आधीच दिलेली असते.