पावसाळी डोंगरांतील परसबागेत चेरी : छाटणीचे पंचांग

उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या बाजारात लहान खोक्यांतून येणारी देशी चेरी मुख्यत्वे काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातील असते. गोड चेरीच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालील तापमानाचे साधारणपणे ७०० ते १२०० तास मिळावे लागतात. सह्याद्रीत ही गरज भागत नाही. शिमला, कुलू यांसारख्या डोंगरी जिल्ह्यांत मात्र घरामागच्या लहानशा जागेतही चेरी चांगली वाढते. तेथे थंडीची वाण नाही. धोका आहे तो पावसाचा. सात-आठ वर्षे जोपासलेले झाड अवेळी केलेल्या एका छाटणीमुळे पुढील काही हंगामांत वाळून जाऊ शकते.

जखम आणि ओलावा

सफरचंदाची छाटणी हिवाळ्यात, झाड सुप्तावस्थेत असताना करतात. हाती सिकेटर आहेच, तर चेरीही उरकून घ्यावी, असा मोह तेव्हा होतो. परंतु चेरीच्या दोन प्रमुख शत्रूंना थंड व ओली हवाच मानवते. पहिला शत्रू ‘स्युडोमोनास सिरिंगी’ हा जिवाणू. छाटणीच्या जखमा, पानगळीनंतर राहिलेले व्रण आणि गोठणाऱ्या थंडीने इजा झालेली साल यांतून तो आत शिरतो. साल खचते, तिच्यातून डिंक पाझरतो, कळ्या मरतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी एखादी संपूर्ण फांदी अचानक कोमेजते. दुसरा शत्रू म्हणजे रुपेरी पान रोगाची बुरशी. दमट हवेत तिचे बीजाणू ताज्या कापावर रुजतात. पानांवर चांदीसारखी छटा येते आणि फांद्या एकामागून एक वाळू लागतात. हिमालयात डिसेंबर ते मार्च या काळात पश्चिमी विक्षोभांमुळे पाऊस व हिमवर्षाव होत असतो. म्हणजे हिवाळी छाटणीची ताजी जखम नेमकी ओलाव्यात उघडी राहते.

महिना नव्हे, तत्त्व स्वीकारावे

ब्रिटनमध्ये फळे देणाऱ्या चेरीची छाटणी हिवाळ्यात टाळून उन्हाळ्यात करतात. त्यामागील तत्त्व असे की, वाढीच्या काळात झाड जखम लवकर भरून काढते आणि कोरड्या हवेत संसर्गाची शक्यता कमी असते. हे तत्त्व आपल्याकडेही लागू आहे. तेथील महिने मात्र जसेच्या तसे उचलता येत नाहीत. तिकडच्या पुस्तकात सुचवलेले जुलै-ऑगस्ट हे शिमल्यात मुसळधार पावसाचे महिने आहेत.

हिमाचलात उंचीनुसार चेरीची तोडणी साधारणपणे मे ते जूनच्या पूर्वार्धात होते आणि मान्सून जूनच्या उत्तरार्धात पोहोचतो. तोडणी संपणे आणि पाऊस सुरू होणे यांमधील हे मोजके दिवस मुख्य छाटणीसाठी योग्य होत. हवामानाचा अंदाज पाहून, पुढील चार-पाच दिवस कोरडे राहणार असतील तरच काम हाती घ्यावे. अधिक उंचीवर तोडणी लांबली आणि ही संधी हुकली, तर मान्सून परतल्यानंतर, पानगळ सुरू होण्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत हलकी छाटणी करावी. कोवळ्या रोपांना आकार देण्याचे लहान काप वसंतात, कळ्या फुटताना, कोरड्या दिवशी घ्यावेत.

किती आणि कसे कापावे

चेरीची फळे मुख्यत्वे दोन वर्षे व त्याहून जुन्या लाकडावरील आखूड, गुच्छासारख्या फळफांद्यांवर लागतात. या फळफांद्या अनेक वर्षे फळ देत राहतात. त्या खरडून काढल्यास पीक आपल्याच हातांनी गमावले जाते. प्रथम मेलेले, रोगट आणि एकमेकांवर घासणारे लाकूड काढावे. त्यानंतर मधला भाग दाटला असल्यास विरळणी करावी, म्हणजे पावसानंतर पाने लवकर सुकतात. एका वर्षात एकूण विस्ताराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक कापू नये.

फांदीच्या बुडाशी असलेला फुगीर कंगोरा शाबूत ठेवून त्याच्या बाहेरच्या बाजूने काप घ्यावा. लांब खुंटी ठेवू नये. जड फांदी आधी खालून थोडी कापावी, मग किंचित पुढे वरून तोडावी आणि उरलेली खुंटी शेवटी काढावी. त्यामुळे साल फाटत नाही. रोगट फांदी कापताना निरोगी लाकडापर्यंत जावे आणि प्रत्येक कापानंतर अवजार स्पिरिटने पुसावे. छाटलेले लाकूड झाडाखाली पडू देऊ नये.

जखम टाळता आली तर उत्तमच. उभ्या वाढणाऱ्या कोवळ्या फुटव्यांना कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावून किंवा सुतळीने ताण देऊन आडवे वळण लावावे. अशा फांद्या लवकर फळावर येतात आणि पुढे करवत चालवण्याची वेळ क्वचितच येते.

मुळांपासून फळांपर्यंत

पावसाळी प्रदेशात छाटणीइतकेच महत्त्व निचऱ्याला आहे. चेरीच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. लागवडीपूर्वी खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर उंचवट्यावर लागवड करावी. कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्यावा. छपराच्या पागोळ्यांखाली झाड लावू नये. हिमाचलात कलमासाठी ‘पाजा’ या रानचेरीचा खुंट पूर्वीपासून वापरात आहे. त्या खुंटातून येणारे फुटवे वेळोवेळी काढावेत. एकच झाड लावायचे असल्यास ‘स्टेला’सारखी स्वपरागी जात निवडावी, कारण बहुतेक गोड जातींना दुसऱ्या जातीचे परागकण लागतात.

पानगळीच्या वेळी १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी उपयुक्त ठरते : १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १० लिटर पाणी. मिश्रण प्लास्टिकच्या भांड्यात करावे. त्यात बुडवलेल्या चकचकीत लोखंडी पात्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी घालावा. फवारणी हा केवळ आधार आहे. ओल्या दिवशी केलेल्या छाटणीची भरपाई तिने होत नाही.

पिकत आलेल्या फळांवर पाऊस पडला की साल पाणी शोषते आणि फळ तडकते. त्यासाठी झाडाची उंची तीन मीटरच्या आत राखावी, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे आच्छादन घालता येते. त्याच्या बाजू मोकळ्या ठेवाव्यात. झाडावर सुकून राहिलेली फळे बुरशीचे घर असतात; ती तोडून नष्ट करावीत.

परसबागेत एखादेच झाड असते आणि ते गेले तर पुन्हा फळ हाती यायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून कात्री हाती घेण्यापूर्वी आकाश पाहावे आणि ढग असतील तर थांबावे.