व्हॅलेन्सियाला गेलात तर गुरुवार गाठा

स्पेन म्हटलं की सगळे बार्सिलोनाचं नाव घेतात. आम्ही दोघी जावा गेलो ते व्हॅलेन्सियाला, भूमध्य समुद्राकाठच्या शहरात. भाची तिथे शिकते म्हणून हा योग आला. शेंगेन व्हिसासाठी किती कागद गोळा केले, ते पुन्हा कधीतरी सांगू.

समुद्र छान आहे, वाळू मऊ आहे. पण आम्हाला पाहायचा होता गुरुवार. दर गुरुवारी दुपारी बाराला तिथल्या कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय भरतं. काळे डगले घातलेले आठ शेतकरी गोलात खुर्च्यांवर बसतात. तुरिया नदीवरच्या आठ पाटांचे हे प्रतिनिधी, शेतकऱ्यांनीच निवडलेले. वकील नाही, सगळं तोंडी. कुणी पाळी नसताना पाणी घेतलं, कुणाचं पाणी शेजारच्या रानात घुसलं, कुणी पाट साफ केला नाही, अशा तक्रारी. ज्या पाटावरचा तंटा, त्या पाटाचा प्रतिनिधी निकालात बसत नाही. रात्री दारं धरायला गेलेल्या बाईला या एका नियमाची किंमत कळेल! अरबांच्या काळापासूनची ही रीत 2009 साली युनेस्कोच्या यादीत गेली. आम्ही गेलो त्या दिवशी तक्रारच नव्हती. पाटांची नावं पुकारली आणि पाच मिनिटांत सगळे उठले. जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी आलो?" आम्हाला मात्र तक्रार नसणं हेच बघण्यासारखं वाटलं.

जेवायचं म्हणाल तर पाएया दुपारीच खातात. रुंद, उथळ कढईत केशर घालून शिजवलेला भात. अस्सल पाएयात कोंबडी आणि ससा असतो, म्हणून शाकाहारी मैत्रिणींनी भाज्यांचा मागावा. तळाची खरपुडी सगळ्यांत आवडीची, तिच्यासाठी घरोघरी भांडणं होत असतील आपल्यासारखीच. शिवाय ओर्चाता नावाचं दुधासारखं थंड पेय घ्या. ते ज्या गाठींपासून करतात, ती वनस्पती म्हणजे आपल्या लव्हाळ्याची सख्खी बहीण. आपण खुरपून टाकतो, ते लोक लावतात.

शहराच्या मधोमध एक लांबलचक बाग आहे, पुलांखालून जाणारी. ती खरं तर नदीचं पात्र. 1957च्या ऑक्टोबरात महापूर आला, माणसं गेली, तेव्हा तुरिया शहराच्या दक्षिणेकडून वळवली. कोरड्या पात्रात मोठा रस्ता करायचं ठरलं होतं. लोकांनी विरोध केला म्हणून झाडं उभी राहिली.

पण 29 ऑक्टोबर 2024ला पुन्हा पूर आला. वळवलेल्या पात्रामुळे जुनं शहर वाचलं. दक्षिणेकडच्या पैपोर्तासारख्या गावांत मात्र ओढ्याचं पाणी घुसलं. तिथे पाऊसही फारसा नव्हता, तो पडला वरच्या डोंगरात. मोबाईलवर इशारा आला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि पाणी घरांत शिरलेलं होतं. त्या प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली.

भाचीच्या घरमालकीणबाईंची बहीण तिथलीच. आम्ही तिच्याकडे चहाला गेलो. तळमजल्यावर आता ती काही ठेवत नाही. घराचे कागद, औषधं, बॅटरी, सगळं वरच्या मजल्यावर जिन्याजवळ एका पिशवीत. ऊन लख्ख पडलं होतं, तरी बोलताना ती दोनदा उठून ओढ्याकडे पाहून आली.