पन्नासाची साठ

अमेरिकेतून आलेली घरगुती डीव्हीडी आपल्याकडचा बहुतेक कुठलाही प्लेअर मुकाट्याने चालवतो. इथली डिस्क तिकडच्या प्लेअरमध्ये घातली, की मात्र अनेकदा पडदा कोरा. हैदराबादच्या हिमायतनगरात, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत मी बसलो होतो ते याच कारणाने. आतेबहिणीच्या लग्नाच्या जुन्या मिनीडीव्ही कॅसेटी न्यू जर्सीतल्या तिच्या सासूबाईंसाठी डिस्कवर हव्या होत्या. त्यांना लिंक चालत नाही.

कॅसेट संगणकात उतरते ती तिच्याच चालीने: तासाच्या कॅसेटला तास आणि साधारण १३ जीबी जागा. आपल्या टीव्हीच्या पॅल पद्धतीत ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेच्या एनटीएससीत ५२५ रेषा आणि २९.९७ चित्रं. मुळाशी वीज आहे, इथे ५० हर्ट्झची, तिथे ६०. तीसचे २९.९७ झाले ते १९५३ च्या रंगीत पद्धतीत, जुने कृष्णधवल संच चालू ठेवून रंग बसवताना. आपण रंगीत झालो १९८२ साली, एशियाडच्या वर्षी. तोवर टेलिफुंकनच्या वाल्टर ब्रुख यांची पॅल युरोपात रुळली होती, तीच आपण घेतली. डिस्कवर पॅलचं चित्र ७२० बाय ५७६, एनटीएससीचं ७२० बाय ४८०. सेकंदाचे एकूण ठिपके मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढेच, एक कोटी साडेतीन लाखांच्या किंचित वर.

खरी कटकट पुढे आहे. प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं: आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० फील्ड, आणि त्यांची जवळजवळ ६० करायची. स्वस्तातला उपाय म्हणजे दर पाचवं फील्ड दोनदा दाखवणं. पाटावर बसलेल्या मंडळींना ते खपतं. कॅमेरा मांडवभर फिरला की चाल अडखळते. त्याहून वाईट म्हणजे ५७६ रेषा सरळ दाबून ४८० करणं. दोन वेगळ्या क्षणांच्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि नवरीला चार हात फुटतात. नीट करायचं तर प्रत्येक फील्डचं आधी पूर्ण चित्र बनवायचं, मग उंची कमी करायची, मग गती वाढवायची आणि शेवटी पुन्हा फील्ड पाडायची. मिनीडीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. सॉफ्टवेअरला वरचं आधी असं सांगितलंत, तर माणसं दोन पावलं पुढे, एक मागे अशी थरथरत चालतात.

गती २३.९८ पर्यंत उतरवून हा घोळ टाळता येतो, पण सोबत आवाजही रेटला तर सनई जवळजवळ पाऊण अर्धस्वर उतरते. सिनेमाला एकवेळ चालेल. मंगलाष्टकांना नाही, असं माझं मत.

‘चावलां भोत सताते,’ मॉनिटरवरची नजर न काढता ऑपरेटर म्हणाला. अक्षता. एमपीईजी-२ ची सगळी काटकसर आधीच्या चित्रातलं काय तसंच राहिलं यावर चालते, आणि हवेत उडालेल्या शेकडो दाण्यांत काहीच तसं राहत नाही. तेलुगू लग्नातल्या तलंब्रालूची तीच गत. नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर ओंजळी रिकाम्या करतात तेव्हा चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवायचे, तर सेकंदाला सरासरी पाच मेगाबिटच हाताशी. म्हणून त्याने दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग लावलं: पहिल्या फेरीत अवघड जागा हेरायच्या, दुसरीत पंगतीचे बिट वाचवून अक्षतांना द्यायचे. पंगतीवरच्या अन्यायाला माझी हरकत नव्हती.

तपासणीतही फसगत आहे. इथला प्लेअर ‘ऑटो’वर दोन्ही चालवतो, त्यामुळे टीव्हीवर डिस्क दिसली म्हणजे ती तिकडे दिसेल असं नाही. त्याने संगणकावर फाइल उघडून ४८० आणि २९.९७ हे आकडे पाहिले, मग अंतरपाट खाली येतो तो भाग सावकाश पुढे नेला. रीजन कोडची भीती मी उगाच धरली होती. घरी लिहिलेल्या डिस्कवर तो नसतोच.

मूळ पॅल फाइल पुसू नका, असं त्याने बजावलं. एनटीएससीवरून कधी उलट यायची वेळ आली, तर गेलेल्या ९६ रेषा परत मिळत नाहीत.