‘ग्राउंड ड्युटी’ म्हणजे फायली सांभाळणं नव्हे

घरातल्या मुलीची किंवा मुलाची वायुदलात अधिकारी म्हणून निवड झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पायलट का?’ ‘नाही, ग्राउंड ड्युटी’ असं उत्तर आलं की समोरच्याचा आवाज लगेच एक पट्टी खाली येतो. ‘असू दे, नोकरी तर पक्की आहे ना!’ लग्नाच्या मांडवात, क्लासच्या सत्कारात, सोसायटीच्या आवारात हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. दीड-दोन लाख स्पर्धकांतून नव्हे, अगदी दोनशेंतून निवड झालेल्या मुलालाही त्याच्या यशाबद्दल सांत्वन ऐकावं लागू नये. आणि इथे तर सांत्वनाचं कारणच खोटं आहे.

समज असा आहे की वायुदलात लढतो तो वैमानिक. बाकीचे गणवेशातले कारकून. विशेषतः ‘प्रशासकीय शाखा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रजेचे अर्ज आणि कँटीनची बिलं येतात.

आता वस्तुस्थिती पाहू. हैदराबादजवळ दुंडिगलला वायुदलाची प्रबोधिनी, म्हणजे एअर फोर्स अकॅडमी आहे. १९६७ साली राष्ट्रपती झाकिर हुसेन यांनी तिची पायाभरणी केली आणि १९७१पासून ती पूर्णपणे कामाला लागली. तिथे वैमानिक घडतात, तसेच तांत्रिक शाखेचे आणि प्रशासन, पुरवठा, लेखा, शिक्षण, हवामान या शाखांचे अधिकारीही घडतात. कवायत सगळ्यांना, पहाटेची दौड सगळ्यांना, शस्त्रं हाताळणं आणि रानातली शिबिरंही सगळ्यांना. ग्राउंड ड्युटीच्या बिगरतांत्रिक शाखांचं प्रशिक्षण साधारण ५२ आठवड्यांचं असतं, तांत्रिक शाखेचं त्याहून लांबतं. शेवटी सगळे एकाच संचलनात पावलं टाकतात आणि राष्ट्रपतींच्या नावाने मिळणारं कमिशन सगळ्यांना सारखंच मिळतं.

आणि प्रशासकीय शाखा करते काय? कार्यालयीन काम करतेच. तेही कमी महत्त्वाचं नाही. तळावरच्या शेकडो कुटुंबांचं जगणं त्यावर चालतं. पण एअर ट्रॅफिक कंट्रोलर याच शाखेतून येतात आणि फायटर कंट्रोलरही. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते.

फायटर कंट्रोलरचं काम नीट समजून घ्या, कारण सगळा गैरसमज इथेच गळून पडतो. लढाऊ विमानातलं रडार प्रामुख्याने समोरचा एक पट्टा पाहतं. मागून कोण येतंय, शेजारच्या तळावरून कोण उडालंय, आपली दुसरी तुकडी कुठे आहे, हे एकट्या वैमानिकाला एका नजरेत दिसत नाही. जमिनीवरची रडारं आणि हवेतली टेहळणी विमानं यांचं चित्र एका पडद्यावर जुळतं आणि त्या पडद्यापुढे फायटर कंट्रोलर बसलेला असतो. शत्रूचं विमान कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती उंचीवर, आपल्यातलं कोणतं विमान त्याच्यावर सोडायचं, कोणाला माघारी वळवायचं, हे सगळं तो रेडिओवरून सांगतो. त्याच्या हाती असतात सेकंद. चूक झाली तर माणूस जातो.

२७ फेब्रुवारी २०१९ आठवा. बालाकोटवरच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी विमानं जम्मू-काश्मीरच्या दिशेने आली. त्या सकाळी पडद्यापुढे स्क्वॉड्रन लीडर मिंटी अग्रवाल होत्या. आपल्या विमानांना पाकिस्तानी विमानांच्या दिशेने वळवणं, वैमानिकांना सतत माहिती पुरवणं हे काम त्या करत होत्या. त्या चकमकीतले लढाऊ वैमानिक विंग कमांडर अभिनंदन वर्तमान यांनाही त्यांच्याच सूचना मिळत होत्या. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी त्यांना युद्ध सेवा पदक जाहीर झालं आणि हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पदकाच्या नावातच युद्ध आहे. अभिनंदन यांच्या मिशा देशाला पाठ आहेत. मिंटी अग्रवाल यांचं नाव दहापैकी किती घरांत माहीत असेल? मला याचाच राग येतो.

वायुदलाच्या गरुड कमांडो पथकाचे अधिकारीही ग्राउंड ड्युटीच्या शाखांतूनच घेतले जातात. दहशतवादविरोधी कारवाईत पुढे राहणाऱ्या या अधिकाऱ्यांना कोणी कारकून म्हणून दाखवावं.

हा समज येतो कुठून, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. वैमानिकाची खास चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिच्यात नापास झालेला उमेदवार पुन्हा उड्डाण शाखेकडे जाऊ शकत नाही, पण ग्राउंड ड्युटीसाठी अर्ज करू शकतो. उड्डाणाचं प्रशिक्षण जमलं नाही म्हणून मध्येच शाखा बदललेले कॅडेटही असतात. या मोजक्या उदाहरणांवरून ‘उरलेले सगळे तिकडे’ असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात या शाखांच्या जागा स्वतंत्र जाहीर होतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या जाहिरातीतसुद्धा अलीकडे वायुदलाच्या १२० जागांपैकी २८ जागा ग्राउंड ड्युटीच्या असतात, त्यातल्या १८ तांत्रिक. कोणाच्या अपयशातून त्या रिकाम्या झालेल्या नसतात. मुलाखतीचं मंडळही तेच: मानसशास्त्रीय चाचण्या, गटकार्य, प्रत्यक्ष मुलाखत, कशातही सूट नाही.

तांत्रिक शाखेबद्दल वेगळाच समज आहे: ‘म्हणजे मेकॅनिक ना?’ मेकॅनिकच्या कामात काही कमीपणा नाही, पण उत्तर नाही असंच आहे. या शाखेचे अधिकारी अभियंते असतात. दुंडिगलनंतर ते बंगळुरूत जलाहळ्ळीच्या एअर फोर्स टेक्निकल कॉलेजात शिकतात. हे कॉलेज १९४९ सालचं, म्हणजे दुंडिगलपेक्षा जुनं. पुढे स्क्वॉड्रनमध्ये विमान उडण्यालायक आहे की नाही, हे ठरवणारी साखळी त्यांच्या हाताखाली चालते. देखभालीच्या नोंदवहीत, म्हणजे फॉर्म ७००मध्ये, तांत्रिक सह्या झाल्याशिवाय वैमानिक ते विमान ताब्यात घेत नाही, मग वैमानिक कितीही वरिष्ठ असो.

महाराष्ट्राने तर हा गैरसमज सर्वांत आधी सोडायला हवा. वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपूरला आहे आणि अलीकडे त्याच्या प्रमुखपदी तांत्रिक शाखेतले एअर मार्शल राहिले आहेत. ‘ग्राउंडवाल्यांना बढती नाही’ असं सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. वायुदलप्रमुखपद उड्डाण शाखेकडेच जातं, हे खरं. पण त्याच्या एकच पायरी खालचा हुद्दा या शाखांना खुला आहे. नाशिकजवळ ओझरला ११ बेस रिपेअर डेपोत मिग-२९ आणि सुखोई-३० यांसारखी लढाऊ विमानं उघडून पुन्हा जुळवली जातात. आपल्याच राज्यात हे चालतं आणि आपणच विचारतो की जमिनीवर बसून वायुदलात करायचं काय.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘चष्मा लागला, आता वायुदल विसरा’: उड्डाण शाखेचे दृष्टीचे निकष कडक आहेत, ग्राउंड ड्युटीत ठरावीक मर्यादेतला चष्मा चालतो. ‘इंजिनिअरच लागतो’: तांत्रिक शाखेला, हो, प्रशासन किंवा पुरवठा शाखेत इतर पदवीधरही जातात. ‘मुलींना नंतर जागा दिल्या’: उलट आहे, १९९३ साली वायुदलात महिला अधिकारी आल्या त्या आधी याच शाखांतून, पहिल्या महिला लढाऊ वैमानिक आल्या २०१६ साली. ‘बेळगावच्या सांबऱ्याला जे होतं तेच हे’: नाही, सांबऱ्याला वायुसैनिकांचं प्रशिक्षण होतं, ती भरती वेगळी, ही अधिकाऱ्यांची निवड वेगळी. ‘फी किती?’: फी नाही, उलट प्रशिक्षणाच्या एका वर्षात कॅडेटला दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. ‘एकदा लागलं की पेन्शनपर्यंत चिंता नाही’: हे मात्र तपासून घ्या. शॉर्ट सर्व्हिस कमिशन दहा वर्षांचं असतं, चार वर्षं वाढू शकतं, आणि त्यावर पेन्शन नाही.

पदवीधरांसाठीच्या एएफकॅट परीक्षेची जाहिरात साधारणपणे जून आणि डिसेंबरमध्ये निघते. ग्राउंड ड्युटीसाठी वयोमर्यादा २० ते २६ आहे, उड्डाण शाखेसाठी साधारणपणे २४पर्यंत. अर्जात शाखांचा पसंतीक्रम भरावा लागतो. फायटर कंट्रोलर व्हायचं मनात असेल त्या मुलीने प्रशासकीय शाखा पहिल्या क्रमांकावर लिहावी, आणि शेजारी बसलेल्या काका-मामांनी तिला ती खोडायला सांगू नये.