व्याख्यान पुरे, काम दाखवा

दहावीचा निकाल लागला की सोलापुरात 'पुढे काय?' या विषयावरची व्याख्यानं सुरू होतात. मंचावर एखादे सनदी अधिकारी, एखादे डॉक्टर, एखादे उद्योजक असतात. शाल-श्रीफळ उरकल्यावर परिस्थितीवर मात करून आपण कसे घडलो हे ते सांगतात, आणि निघताना मुलांच्या हातात प्रवेशाची माहितीपत्रकं पडतात, कारण कार्यक्रम बहुतेक वेळा एखाद्या क्लासनं नाहीतर कॉलेजनंच भरवलेला असतो. वक्त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण एवढा वेळ बसूनही हा माणूस सकाळी कामावर जाऊन नेमकं करतो काय, हे मुलांना कळलेलं नसतं. सोलापूरच्या पोरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते: १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. ती ऐकून डॉक्टर व्हावंसं वाटतं, वाटायलाच हवं. मात्र रात्रपाळी कशी असते, एका पेशंटमागे किती कागद भरावे लागतात, डॉक्टरखेरीज त्याच दवाखान्यात आणखी कोण कोण पोट भरतं, हे त्या गोष्टीत येत नाही. ते सांगायला जिवंत, कामातून तासभर उठून आलेला माणूसच लागतो. आणि तो दहावीनंतर नव्हे, आठवी-नववीत भेटायला हवा.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनं (ओईसीडी) २०२० साली एक अहवाल काढला. ४१ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांना तिशीत काय काम करत असाल असं विचारलं, तर ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली अवघ्या दहा व्यवसायांत अडकलेल्या निघाल्या. भारत त्या पाहणीत नव्हता, पण इथल्या नववीच्या वर्गात विचारून पाहा: डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, कलेक्टर, शिक्षक. यादी दहापर्यंतही पोचायची नाही. ब्रिटनमधल्या अभ्यासांत असं दिसलं की शाळेत असताना चार किंवा अधिक वेळा कामधंद्यातल्या माणसांशी गाठ पडलेली मुलं पुढे रिकामी बसण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. अशा भेटी घडवणाऱ्या शाळा मुळातच बऱ्या असू शकतात, तेव्हा सगळं श्रेय भेटींना देऊन चालणार नाही. तरी त्यातला 'चार' हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. वर्षातून एक मोठा पाहुणा बोलावण्यापेक्षा चार साधे, वेगवेगळ्या कामांतले पाहुणे बोलवावेत, असं तो सुचवतो.

आता असा साधा पाहुणा वर्गात काय करू शकतो ते पाहू. समजा चादरीचं डिझाईन करणारा माणूस आला. त्यानं भाषण करूच नये. फळ्यावर आलेखाचे चौकोन आखावेत, आणि उभा रकाना म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक फेरा, एवढं सांगून मुलांना त्यात मोर काढायला लावावं. भरलेल्या चौकोनाचा धागा वर उचलला जातो, रिकाम्याचा खालीच राहतो. नक्षी विणणाऱ्या जुन्या जेकार्ड यंत्रावर यासाठी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडत, नव्यावर तेच काम संगणकाची फाईल करते. गणिताच्या तासाला ज्या आलेखाचा कंटाळा येतो, त्याच्यावर कोणाचं तरी घर चालतं, हे वर्गाला न सांगता उमगतं. मग मागच्या बाकावरून विचारलं जातं, 'एक चौकोन चुकला तर?' तर ती चूक प्रत्येक चादरीत, नक्षी येईल तिथे येणार. आणि दुसरा प्रश्न हमखास येतो, 'पगार किती?' इथे सर डोळे वटारतात. वास्तविक तासातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच. पगार किती, दर नगावर की महिन्यावर, मंदीत काय होतं, हे खरंखरं सांगणारा पाहुणा दहा यशोगाथांना भारी पडतो.

यावर सोलापुरातूनच येणारा आक्षेप खरा आणि जड आहे. आईचे हात विड्या वळण्यात गेले, बापाची पाळी मागावर. त्यांच्या पोरांना परत मागच दाखवायचा? १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली. जातीचा धंदा पोरांच्या गळ्यात बांधण्याचा डाव म्हणून तिला कडाडून विरोध झाला, ती गुंडाळावी लागली, आणि तो विरोध योग्यच होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशांकडे शिकण्याची तरतूद आहे; तिलाही हीच भीती लागू पडते. यावर माझं उत्तर असं की कुणाला काय दाखवायचं त्याची अदलाबदल करावी. पूर्व भागातल्या विणकरांच्या मुलांपुढे केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातला माणूस तेल्या रोगाचं पान घेऊन यावा, आणि बंगल्यातल्या मुलांनी डाईंग मास्तरकडून रंग पक्का कसा होतो ते शिकावं. शिवाय मागाभोवती रसायन, वीज, यंत्रदुरुस्ती, निर्यातीचे कागद अशी कितीतरी कामं आहेत. विणकराच्या पोराला ओळखीची असते ती फक्त बापाची मजुरी.

शिक्षकांचा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम संपत नाही तिथे पाहुणे कुठे बसवायचे? आणि २०२० पासून महाकरिअर पोर्टल आहेच की. पोर्टलवर कोर्स, कॉलेज, शिष्यवृत्त्या सापडतात, ते उपयोगीच आहे. पण जे नावच माहीत नाही ते मूल शोधणार कसं? पाबळच्या विज्ञान आश्रमानं १९८३ पासून हाताच्या कामातून शिकवण्याचा जो प्रयोग चालवला, त्यात अभ्यास आणि काम एकमेकांचा वेळ खात नाहीत. वरचा मोराचा तास गणिताचाच तास आहे, तो वेगळा काढावा लागत नाही. अडचण आहे ती पाहुण्यांची तयारी करून घेण्याची. कामात वाकबगार माणूस वर्गात अडखळतो. त्याला आधी भेटून, हत्यार घेऊन या, उपदेश नको, पगार लपवू नका, हे सांगावं लागतं. सोलापुरात तर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत, तेव्हा मागावरचा माणूस ज्या भाषेत काम करतो त्याच भाषेत वर्गाशी बोलू शकेल. त्यासाठी वक्ता पुण्याहून आणायचं कारण नाही. आणि वेळेचंच म्हणाल, तर सहामाही परीक्षा आणि स्नेहसंमेलन यांच्या मधले आठवडे नववीला त्यातल्या त्यात मोकळे असतात.