हलकी रायफल

परवा न्यूझीलंडहून माझ्या भाच्याचे पत्र आले. संगणकावरून आलेले का होईना, पण चांगले लांबलचक. तो तेथे दक्षिण बेटावर अभियंता आहे. त्याने लिहिले होते, "मामा, येथील मित्रांबरोबर मी डोंगरात शिकारीला जाऊ लागलो आहे. आजवर उसन्या रायफलीवर भागले. आता स्वतःची घ्यावयाची आहे. एकच, पण हलकी, आणि सशापासून सांबराएवढ्या हरणापर्यंत सर्वांना चालणारी. तुम्ही इतकी वर्षे बंदुकांचे परवाने देत आला आहात, तेव्हा कोणती घेऊ ते सांगा."

परवाना देणाऱ्याला बंदुकीतले कळते, हा समज मोठा गोड आहे. विवाहनोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला संसाराचे मर्म कळते, असे मानण्यासारखेच ते आहे. श्रोतेहो, मी स्वतः रायफल क्लबातील कागदी लक्ष्याखेरीज कशावरही गोळी झाडलेली नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपला. माणसाच्या जिवावर उठलेल्या किंवा शेतीची धूळधाण करणाऱ्या जनावरापुरती, अधिकाऱ्याच्या लेखी आज्ञेने, तेवढी वाट उरली आहे. परंतु आमच्या आजोबांनी त्यापूर्वीच्या काळात पुष्कळ रान तुडवले होते, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेले व पुढे वाचून पडताळलेले बरेच काही माझ्यापाशी साठले आहे. ते भाच्याला कळवले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम तो कोठे शिकार करतो हे पाहिले पाहिजे. न्यूझीलंडात मूळचा भूचर सस्तन प्राणी म्हणजे केवळ वटवाघूळ. हरणे, शॅमॉय, डुकरे ही सारी माणसाने बाहेरून आणून सोडलेली. आपल्या हिमालयातील थार नावाची रानबकरी १९०४ साली तेथील माउंट कुकच्या परिसरात सोडण्यात आली. खाणारा शत्रू कोणी नाही, आणि चरावयास अख्खा पर्वत मोकळा. तेथील वनस्पतींची इतकी हानी झाली की १९९३ च्या सरकारी योजनेत थारांची संख्या दहा हजारांच्या आत राखण्याचे ठरले. ज्या प्राण्याला आपण येथे जपतो, त्यालाच तेथे मारणे हे अरण्यरक्षणाचे काम ठरते! तेव्हा भाच्याच्या छंदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती सशापासून सांबरापर्यंत या कल्पनेला.

अशी रायफल जगात नाही. सशाला .२२ ची लहानशी रायफल पुरते. मोठ्या रायफलीच्या गोळीने सशाचे खाण्याजोगे काही उरत नाही. म्हणून ससा यादीतून काढून टाकावा. मग उरतात तिशी-चाळिशी किलोंचा शॅमॉय, सत्तरीपर्यंत जाणारा थार आणि दीडशे किलो सहज भरणारे तांबडे हरीण. या तिघांना मात्र एक रायफल पुरू शकते.

बहुतेक लोक दुकानात जाऊन प्रथम रायफल निवडतात, मग तिच्यावर दुर्बीण चढवतात, आणि शेवटी दुकानदार देईल ते काडतूस घेऊन घरी येतात. क्रम नेमका उलटा हवा. सावजापर्यंत पोचते ती गोळी. रायफल आपल्याच हातात राहते. गोळी चुकीची किंवा चुकीच्या जागी लागली म्हणजे काय होते, याचे आपल्या देशातील उदाहरण १९०७ सालचे आहे. कुमाऊँतील चंपावतच्या वाघिणीने नेपाळात आणि कुमाऊँत मिळून ४३६ माणसे मारली होती. जिम कॉर्बेट यांनी तिला मारल्यावर तिचे तोंड तपासले, तेव्हा उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. ती जुन्या गोळीची जखम होती. नैसर्गिक भक्ष्य धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष आहे. कोणा अनामिकाने एक गोळी झाडली, ती ठार करण्याच्या जागी लागली नाही, आणि तो मनुष्य बहुधा घरी जाऊन जेवला असेल.

त्याच प्रसंगातील एक गोष्ट माझ्या खात्याला लागू पडते म्हणून सांगतो. कॉर्बेट यांची काडतुसे संपली, तेव्हा त्यांनी तहसीलदारांची बंदूक मागून घेतली. तिची नळी आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये चांगली फट होती! त्यांनी वाघिणीच्या जबड्यावर नेम धरला. गोळी लागली पंजाला. सुदैवाने आधीच्या गोळ्यांनी काम झाले होते. महसूल खात्याची शस्त्रे ही अशी.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युवेट यांनी कॉर्बेट यांना रिग्बी कंपनीची एक हलकी रायफल भेट दिली. ती .२७५ ची. पुढे १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी याच रायफलीने मारला. सरकारी नोंदीप्रमाणे त्या बिबट्याचे १२५ बळी होते. .२७५ हे नाव इंग्रजांचे. काडतूस मूळ जर्मन माउझरचे, सात मिलिमीटरचे. नळीच्या आत आटे पाडलेले असतात, त्यांच्या उंचवट्यांमधले अंतर मोजले तर .२७५ इंच भरते, गोळी मात्र.२८४ इंचांची असते. काडतुसांची नावे अशीच फसवी असतात. नावाच्या आकड्यावरून ताकद ठरवू नये.

भाच्याला मी सुचवलेले काडतूस म्हणजे ७ मिलिमीटर-०८. अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने ते १९८० साली बाजारात आणले. .३०८ च्या काडतुसाचा गळा आवळून त्यात सात मिलिमीटरची गोळी बसवली, एवढाच त्याचा जन्मवृत्तान्त. आणि परिणाम पाहू गेल्यास कॉर्बेट यांच्याच काडतुसाच्या तोडीचा. १४० ग्रेनांची, म्हणजे सुमारे पाऊण तोळ्याची गोळी सेकंदाला साधारण साडेआठशे मीटर, ध्वनीच्या अडीचपट वेगाने सुटते. .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर घेतले तरी बिघडणार नाही. शेजारी .३०० मॅग्नम घ्यावयास सांगतो, असे भाच्याने लिहिले होते. तो शेजारी बहुधा गाडीतून उतरून पन्नास पावले चालत असावा.

कारण येथे वजनाचा प्रश्न येतो. गोळी पुढे जाते तितक्याच नेटाने रायफल मागे येते, हा न्यूटनचा नियम कोणाला चुकलेला नाही. काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन ३.६ किलोवरून २.७ किलोवर आणले, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक-तृतीयांशाने वाढते. डोंगर चढताना वाचवलेले प्रत्येक छटाक चाप ओढण्याच्या क्षणी व्याजासह फेडावे लागते. धक्क्याने खांदा दुखतो ही गोष्ट किरकोळ. मनुष्य बिचकू लागतो ही खरी आपत्ती. चाप ओढण्यापूर्वीच त्याचे डोळे मिटतात, खांदा आकसतो, आणि गोळी काळजाऐवजी पोटात जाते. दुसरे असे की, चढण चढून धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात अति हलकी नळी वाऱ्यावरच्या गवताच्या काडीसारखी डुलते. तेव्हा दुर्बिणीवाचून पावणेतीन किलोंच्या खाली उतरू नये, असे माझे मत आहे. दुर्बीण, पट्टा व काडतुसे धरून ती साडेतीनच्या आसपास जाते. वजन कमी करावयाचे तर दस्त्यात करावे, लाकडाऐवजी कृत्रिम द्रव्याचा दस्ता घ्यावा. तो पावसात फुगतही नाही. नळी बावीस इंचांची पुरे. बारीक नळी लवकर तापते आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर नेम सरकतो, अशी तक्रार ऐकू येते. ती खरी आहे, पण शिकारीत थंड नळीतील पहिली गोळीच महत्त्वाची.

कोणी वॉल्टर बेल यांचे उदाहरण देईल. या गृहस्थांनी आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतील बहुसंख्य याच .२७५ ने. परंतु त्यांच्या गोळ्या न फुलणाऱ्या, भरीव कवचाच्या होत्या, आणि हत्तीचा मेंदू कोणत्या कोनातून कोठे असतो याचा त्यांनी शरीरशास्त्रज्ञासारखा अभ्यास केला होता. हरणाला असली गोळी मारली तर ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर मैल मैल धावत राहते. हरणासाठी शिरल्यावर फुलणारी गोळी हवी. शिशाची, तांब्याच्या कवचाची, टोकाला मऊ अशी गोळी जुनी व भरवशाची. अलीकडे संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही निघाल्या आहेत. शिशाचे कण मांसात उरत नाहीत हा त्यांचा गुण. सोडून दिलेल्या आतड्यांतील शिसे खाऊन गिधाडे मरतात, म्हणून कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद झाली. तांब्याची गोळी वेग मंदावल्यावर नीट फुलत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे, आणि फार लांबून तिचा प्रयोग करू नये.

आता दुर्बीण. कॉर्बेट यांच्यापाशी ती नव्हती. रुद्रप्रयागला आंब्याच्या झाडावर बसून, रायफलीला बांधलेल्या विजेरीने काही क्षण जो उजेड दिला तेवढ्यात त्यांनी नेम साधला. भाच्याला तसे करण्याचे कारण नाही. पण दुकानात हारीने मांडलेल्या दुर्बिणींपैकी सर्वांत मोठी उचलावी, हा मोह आवरला पाहिजे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या जाडीची प्रकाशशलाका डोळ्यात येते. चाळीस मिलिमीटरचे भिंग सहापटीवर ठेवले तर ती साडेसहा मिलिमीटरची होते. अंधारात तरुणाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्याची त्याहून कमी. मग छप्पन्न मिलिमीटरचे जड भिंग कशासाठी वाहावे? तीन ते नऊपट वर्धनाची, चाळीस मिलिमीटरची दुर्बीण पुरे. ती नेहमी तीनपटीवरच ठेवून चालावे. जनावर अचानक जवळून उठले तर नऊपटीवर दिसतात ती नुसती केसांची चटई. डोळा आणि भिंग यांत तीन-साडेतीन इंच अंतर राहील अशीच घ्यावी, नाही तर हलक्या रायफलीचा धक्का भुवईवर अर्धचंद्र कोरून ठेवतो. आमच्या क्लबात असा अर्धचंद्र मिरवणारे दोघे सभासद आहेत. रायफलीला दुर्बीण जखडणाऱ्या कड्यांत मात्र काटकसर करू नये.

हे येथे एवढ्या आग्रहाने सांगण्यास कारण आहे. आजोबांची रायफल .३१५ ची, साध्या माशीची होती. एकदा बैलगाडीतून नेताना ती खाली पडली. वर वर काही दिसले नाही, म्हणून त्यांनी तशीच वापरली. साठ पावलांवर उभ्या असलेल्या सांबराला गोळी लागली, पण मागे, पोटात. रक्ताच्या थेंबांमागून ते अंधार पडेपर्यंत चालले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सांबर सापडले नाही. आजोबा आपल्या साऱ्या शिकारी रंगवून सांगत. ही एकदाच सांगितली, आणि मग उठून ओसरीवर जाऊन बसले.

म्हणून प्रवासानंतर, पडल्यानंतर, काडतुसांची पेटी बदलल्यानंतर नेम पुन्हा तपासावा. ही रायफल दोनशे मीटरवर बरोबर बसवली, तर शंभर मीटरवर गोळी सुमारे पाच सेंटिमीटर वर लागते आणि तीनशेवर वीतभर खाली. अडीचशेच्या आत सरळ छातीवर नेम धरता येतो. त्यापलीकडे असेल तर जवळ जावे किंवा जनावर सोडून द्यावे. भाच्याला मी एकाच जातीच्या काडतुसांच्या दहा पेट्या घेण्यास लिहिले आहे. त्यांतील आठ त्याने मैदानावर संपवावयाच्या आहेत. बाकावरून नव्हे, तर बसून, गुडघ्यावर टेकून, आणि थोडे धावून आल्यावर. उरलेल्या दोन डोंगरासाठी.